विजेची बेरीज आणि माणसांची वेळापत्रके

पिंपरी-चिंचवड, भोसरी ह्या परिसरात नव्याने राहावयास आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट काहीशी चमत्कारिक वाटते. तेथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारी नसून गुरुवारी असते. रविवारी शाळा बंद, बँका बंद, सरकारी कचेऱ्या बंद. कारखान्याची बस मात्र नेहमीच्या चौकात नेहमीच्या वेळी उभी. ठाणे-डोंबिवलीच्या पट्ट्यात हीच सुटी शुक्रवारी आढळते. ह्या वारांचा संबंध ना देवाशी आहे, ना आठवड्याच्या बाजाराशी. तो विजेशी आहे. सगळ्या औद्योगिक वसाहतींनी एकाच दिवशी विश्रांती घेतली, तर उरलेले सहा दिवस विजेच्या मागणीची एकदम गर्दी होते आणि सातव्या दिवशी वीजकेंद्रांतील यंत्रे अर्धपोटी राहतात. म्हणून महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या काळात निरनिराळ्या विभागांना निरनिराळे वार मिळाले. मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे गेले. गुरुवार मात्र टिकून राहिला.

ह्या व्यवस्थेमागे जे तत्त्व आहे, तेच तत्त्व आज इमारतींचे विद्युत आराखडे करणाऱ्या संगणक-प्रणालीत एका छोट्या चौकटीत अंकाच्या रूपाने बसलेले असते. अभियंते त्याला ‘डायव्हर्सिटी फॅक्टर’ म्हणतात. मराठीत विविधता-गुणक म्हणता येईल. वाकड, रावेत, पुनावळे, मोशी येथे उभ्या राहणाऱ्या निवासी संकुलाचे रोहित्र केवढे असावे, चाकणच्या एखाद्या लघुउद्योजकाने महावितरणशी किती मागणीचा करार करावा, हे पुष्कळ अंशी ह्या अंकावर ठरते. त्याचे पैसे मात्र ज्यांनी तो अंक कधी पाहिलेलाही नसतो, ते सदनिकाधारक आणि छोटे कारखानदार भरतात. म्हणूनच हा विषय केवळ अभियंत्यांचा म्हणून सोडून देता येत नाही.

बेरीज खोटी का ठरते

उदाहरणादाखल शंभर सदनिकांची एक इमारत घेऊ. प्रत्येक घरात दिवे, पंखे, शीतपेटी, धुलाईयंत्र, गीझर, वातानुकूलक आणि इस्त्री मिळून आठ किलोवॅटची उपकरणे जोडलेली आहेत असे मानले, तर साऱ्या इमारतीचा जोडलेला भार ८०० किलोवॅट होतो. परंतु कोणत्याही घरात सगळी उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत. एका घराची जास्तीत जास्त मागणी चार किलोवॅट धरली, तर शंभर घरांच्या कमाल मागण्यांची बेरीज ४०० किलोवॅट होते. ही झाली पहिली वजाबाकी. तिला मागणी-गुणक म्हणतात.

पण तेवढ्यावर भागत नाही. एका घरातील गीझर पहाटे पाचला लागतो, दुसऱ्यातील आठला. एकाची इस्त्री सकाळी, दुसऱ्याची रात्री. प्रत्येक घराचा कमाल क्षण वेगळा असल्यामुळे साऱ्या इमारतीची एकत्रित कमाल मागणी ४०० पर्यंत कधी पोहोचतच नाही. ती समजा १६० किलोवॅट भरली, तर ४०० भागिले १६० म्हणजे २.५ हा त्या इमारतीचा विविधता-गुणक झाला. ८०० किलोवॅटच्या हिशेबाने ६३० आणि ३१५ केव्हीएची दोन रोहित्रे बसवावी लागली असती. १६० च्या हिशेबाने २०० केव्हीएचे एक रोहित्र जेमतेम पुरते. दोन आकड्यांमधील हे अंतर कोणत्याही यंत्राने निर्माण केलेले नाही. ते शंभर कुटुंबांच्या वेगवेगळ्या दिनक्रमांनी निर्माण केलेले आहे.

येथे एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. विविधता ही पुष्कळांच्या समूहातच असते. एका गीझरला जाणाऱ्या तारेला त्या गीझरचा पूर्ण भार वाहावाच लागतो; तेथे सवलतीचा प्रश्न नाही. दोन घरांत ती थोडी, वीस घरांत बरी, दोनशे घरांत भरपूर. आगीच्या वेळी चालावयाच्या पंपासारख्या भाराला तर ती लावताच येत नाही, कारण संकटाची वेळ कोणाच्या सोयीने विभागून येत नाही.

बँक आणि रोहित्र

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व परके वाटू नये. बँक ठेवीदारांचा सगळा पैसा तिजोरीत ठेवीत नाही. सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात येणार नाहीत ह्या विश्वासावर ती थोडी रोकड हाताशी ठेवते आणि बाकीचा पैसा कर्जाऊ देते. विमा कंपनीचा धंदाही सगळ्यांची घरे एकाच रात्री जळत नाहीत ह्यावरच चालतो. वीज कंपनीचे रोहित्र हे ह्याच जातीचे असते. त्याची क्षमता म्हणजे हाताशी ठेवलेली रोकड होय.

विजेच्या धंद्यात हे प्रथम ज्यांनी ओळखले त्यांत शिकागोचे सॅम्युएल इन्सल ह्यांचे नाव अग्रभागी आहे. एडिसन ह्यांचे चिटणीस म्हणून काम केलेल्या ह्या गृहस्थांनी १८९२ साली शिकागोच्या वीज कंपनीची सूत्रे हाती घेतली आणि ज्यांच्या वापराच्या वेळा एकमेकांशी जुळत नाहीत असे ग्राहक जाणीवपूर्वक गोळा केले. दिवसा कारखाने, सकाळ-संध्याकाळी ट्राम, रात्री घरांतील दिवे. तीच यंत्रसामग्री तिघांच्या कामी आली आणि विजेचा दर उतरला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सन ह्या अभियंत्याने मांडले की, वीज ग्राहकाकडून दोन प्रकारे पैसे घ्यावेत; त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या क्षमतेबद्दल एक आणि प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांबद्दल दुसरा. आज उच्चदाबाच्या ग्राहकाच्या बिलात जो ‘मागणी आकार’ दिसतो, त्याचे मूळ तेथे आहे.

बँकेवरील संकट जसे सगळे ठेवीदार एकदम धावल्याने येते, तसे रोहित्रावरही येते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी दोन तास वीज जाते आणि परत येते. त्या क्षणी तापलेल्या शीतपेट्या, थांबलेले वातानुकूलक, रिकाम्या टाक्यांचे पंप असे सगळे एकाच वेळी वीज मागू लागतात. एरवी वेगवेगळ्या वेळी चालू-बंद होणारी यंत्रे खंडित पुरवठ्याने एका रांगेत आणून उभी केलेली असतात. विविधता त्या काही मिनिटांपुरती नाहीशी होते, आणि नुकतीच आलेली वीज फ्यूज जाऊन पुन्हा जाते. नागरिक त्यास कर्मचाऱ्यांचा हलगर्जीपणा समजतात. वास्तविक तो पुष्कळदा गणितातील गृहीतक मोडल्याचा परिणाम असतो.

एका शब्दाचे दोन अर्थ

पूर्वी हा हिशेब अभियंता कागदावर करी. गुणक कोणता घेतला व का घेतला, हे त्याच्या वहीच्या समासात दिसे. आता संगणक-प्रणालीत प्रत्येक उपकरणाला एक वर्ग दिला जातो: दिवे, प्लग, मोटारी, वातानुकूलन. वर्गागणिक गुणक ठरलेला असतो आणि मजल्यावरच्या वितरण फलकापासून मुख्य फलकापर्यंतच्या बेरजा आपोआप होतात. सोय मोठी आहे ह्यात शंका नाही. परंतु सोयीबरोबर दोन धोके आत येतात.

पहिला धोका शब्दाचा. एका परंपरेत विविधता-गुणक म्हणजे स्वतंत्र कमाल मागण्यांची बेरीज भागिले एकत्रित कमाल मागणी. हा अंक एकाहून कधीच कमी नसतो व त्याने भागावयाचे असते. दुसऱ्या परंपरेत त्याच नावाने नेमका उलटा अंक वापरला जातो. तो एकाहून जास्त कधी नसतो व त्याने गुणावयाचे असते. १.२५ आणि ०.८ ही एकाच वस्तुस्थितीची दोन रूपे होत. एखाद्या कारखान्याच्या मागण्यांची बेरीज ४०० किलोवॅट असेल, तर दोन्ही मार्गांनी उत्तर ३२० यावयास हवे. पण ०.८ च्या चौकटीत १.२५ लिहिले गेले, तर संगणक निमूटपणे ५०० असे उत्तर देतो. हा आकडा इतका अवाजवी नाही की पाहताक्षणी कोणी दचकावे. म्हणूनच तो आराखड्यातून निविदेत आणि निविदेतून बांधकामात जातो.

उलट बाजूची चूकही तितकीच सहज घडते. मजल्याच्या फलकावर ०.८ लावले, इमारतीच्या फलकावर पुन्हा ०.८, आणि संकुलाच्या मुख्य फलकावर तिसऱ्यांदा ०.८. प्रत्येक पायरीवर प्रत्यक्ष मोजणीचा आधार असेल तर गोष्ट वेगळी. पण तीच एक सवलत तीनदा घेतली गेली असेल तर मूळ भाराचे ५१ टक्केच हिशेबात उरतात. कागदावर बचत दिसते. तिची वसुली पुढे वैशाखात होते.

दुसरा धोका उसन्या अंकांचा. अमेरिकेच्या विद्युत संहितेत निवासी इमारतींच्या सर्वसाधारण दिवाबत्तीच्या भारासाठी पहिले ३,००० व्होल्ट-अँपिअर पूर्ण, त्यापुढचा भार ३५ टक्के आणि १,२०,००० च्या पुढचा २५ टक्के, असा उतरता हिशेब दीर्घकाळ रूढ राहिला आहे. तेथे तयार झालेल्या प्रणालीत असे अंक आधीच भरलेले आढळले तर नवल नाही. आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय विद्युत संहिता आहे. ती १९८५ साली प्रथम निघाली व २०११ मध्ये सुधारली गेली. परंतु अशा संहितांतील कोष्टके ही मार्गदर्शनासाठी असतात. त्यांतील अंक कोणत्या तरी काळी, कोणत्या तरी वस्तीत मोजलेल्या सवयींचे सार असते. सवयी बदलल्या की अंक जुना होतो, आणि संगणकाला ते कळण्याचा काही मार्ग नसतो.

भोंग्यावर चालणारी वस्ती

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात हा प्रश्न अधिक टोकदार का आहे, ते ह्यावरून ध्यानात येईल. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाहता पाहता खेड्यांची माळ कारखान्यांच्या नगरीत बदलली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १७ लाखांवर गेली. कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे चाकण ह्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारींच्या मोठमोठ्या कारखान्यांचे गाव बनले.

ह्या वाढीत एक वैशिष्ट्य आहे. वस्तीची वस्ती पाळ्यांवर जगते. एकाच पहिल्या पाळीला जाणारी दोनशे माणसे एका संकुलात राहत असतील, तर त्यांचे गीझर पहाटे एकाच अर्ध्या तासात लागणार. त्या इमारतीचा गुणक आणि शिक्षक, दुकानदार, निवृत्त मंडळी, संगणक कंपन्यांतील नोकरदार असे नाना तऱ्हेचे लोक राहत असलेल्या इमारतीचा गुणक सारखा असू शकत नाही. सदनिका सारख्याच, तारा सारख्याच, उपकरणेही सारखीच. भेद फक्त रहिवाशांच्या घड्याळांचा. आराखडा करतेवेळी तर सदनिका विकल्याही गेलेल्या नसतात; कोण राहणार हे ठाऊक नसताना त्यांच्या दिनक्रमाचा अंक लिहावा लागतो.

२०२० च्या टाळेबंदीने ह्याचा पुरावाच दिला. हिंजवडीच्या कार्यालयांतील भार काही आठवड्यांत वाकड-पुनावळ्याच्या घरांत येऊन बसला आणि दुपारी रिकाम्या असणाऱ्या सदनिका दिवसभर वीज घेऊ लागल्या. आता त्यात विजेवर चालणाऱ्या वाहनांची भर पडत आहे. संध्याकाळी कामावरून परतल्यावर प्रत्येकाने वाहन चार्जिंगला लावले, तर तो तासन्‌तास चालणारा भार असतो. इस्त्रीसारखा दहा मिनिटांचा नव्हे. दहा वाहनांपर्यंत काही बिघडणार नाही. शंभर वाहनांच्या वेळी जुना गुणक जुन्या पंचांगासारखा निरुपयोगी ठरेल.

विविधता फुकट मिळत नाही

आराखड्यातील चौकटीत विविधता ही निसर्गदत्त गोष्ट असल्यासारखी लिहिली जाते. वस्तुस्थिती तशी नाही. पुष्कळदा ती कोणीतरी आपली वेळ सोडून निर्माण करून दिलेली असते, आणि तिची किंमत त्याने मोजलेली असते.

गुरुवारच्या सुटीचेच पाहा. तिच्यामुळे वीजकेंद्रांची क्षमता वाचली, हा लाभ साऱ्या राज्याचा. पण वडिलांना गुरुवारी सुटी आणि मुलांना रविवारी, अशी स्थिती असंख्य कामगार कुटुंबांत वर्षानुवर्षे राहिली. नातलगांकडचे कार्य, मुलांची स्पर्धा, गावाकडची फेरी ह्यांसाठी एक तर रजा टाकावयाची किंवा एकट्याने जावयाचे. ह्या तोट्याची नोंद विजेच्या कोणत्याही ताळेबंदात झाली नाही.

२००६ सालचे ‘पुणे प्रारूप’ हे दुसरे उदाहरण. राज्यभर भारनियमन चालू असताना भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने पुणे परिसरातील उद्योगांनी गर्दीच्या वेळी स्वतःची डिझेल जनित्रे चालविली, तेवढी वीज शहरासाठी मोकळी झाली, आणि वाढीव खर्च राज्य वीज नियामक आयोगाच्या संमतीने शहरातील ग्राहकांकडून वेगळ्या आकाराच्या रूपाने घेण्यात आला. ह्या योजनेबद्दल मतभेद असू शकतील. परंतु गर्दीची वेळ टाळण्याला किंमत आहे आणि ती कोणी किती द्यावयाची हे उघडपणे ठरवावे लागते, एवढे तिने स्पष्ट केले.

वेळेनुसार दर आकारण्याच्या पद्धतीतही हाच व्यवहार आहे. बरीच वर्षे सवलत रात्रीच्या विजेला मिळे. म्हणजे कारखान्याचे बिल उतरविण्यासाठी कोणाला तरी रात्रपाळी करावी लागे. सौरविजेचा वाटा वाढू लागल्यावर कल पालटला. केंद्र सरकारने २०२३ साली ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याची दिशा दिली. भट्टीसारखी कामे दिवसाउजेडी करता आली, तर तो बदल कामगारांच्याही हिताचा ठरेल. पण भोसरीतील चार माणसांच्या यंत्रशाळेला काम केव्हा करावयाचे हे स्वतः ठरविता येत नाही. मोठ्या कारखान्याचा माल वेळेवर द्यावयाचा असतो. सवलतीचा फायदा ज्याला वेळ बदलता येते त्याला, आणि दंडाचा भार ज्याला ती बदलता येत नाही त्याला, असे होऊ नये.

चुकीच्या गुणकाची किंमतही अशीच दुबळ्याकडे सरकते. रोहित्र गरजेपेक्षा मोठे बसले तर त्याच्या लोखंडी गाभ्यातील वीजनाश वर्षाचे ८,७६० तास चालू राहतो, दिवा लागो वा न लागो. उच्चदाबाच्या ग्राहकाने करार जास्त मागणीचा केला असेल, तर वापर झाला नाही तरी त्या मागणीचा ठरावीक हिस्सा बिलात धरला जातो. सदनिका घेणाऱ्याच्या खर्चाच्या यादीत ‘एमएसईबी चार्जेस’ ही ओळ, ते मंडळ अस्तित्वात नसतानाही, अजून आढळते; त्या रकमेमागे कोणता गुणक आहे हे विचारण्याची सोय नाही. आणि रोहित्र लहान बसले तर? तेव्हा आराखडा करणारा गावात नसतो, बांधणारा दुसऱ्या जागी बांधत असतो, आणि जळालेल्या केबलीची वर्गणी सोसायटीच्या सभेत काढली जाते.

काय करावयास हवे

उपाय कठीण नाहीत. पहिला म्हणजे मोजणी. रोहित्रांवर मीटर बसविलेले असतात आणि आजचे इलेक्ट्रॉनिक मीटर दर काही मिनिटांची मागणी नोंदवू शकतात. कोणाही ग्राहकाचे नाव न घेता, वस्तीच्या प्रकारानुसार ह्या नोंदींचे सार महावितरणने दरवर्षी प्रसिद्ध करावे. पहिल्या पाळीची कामगार वस्ती, मिश्र निवासी संकुल, छोट्या यंत्रशाळांचा गाळा, शीतगृह अशा प्रत्येकाचे पिंपरी-चाकणमध्ये मोजलेले अंक उपलब्ध झाले, तर परक्या कोष्टकावर विसंबण्याचे कारण उरणार नाही. हे काम ह्या परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही सहज करता येण्याजोगे आहे.

दुसरा उपाय लेखी जबाबदारीचा. मंजुरीसाठी जाणाऱ्या प्रत्येक विद्युत आराखड्यावर गुणक कोणता घेतला, तो भागावयाचा की गुणावयाचा, कोणत्या पायरीवर लावला आणि कशाच्या आधारावर, ह्या चार गोष्टी साध्या भाषेत लिहिणे बंधनकारक असावे. जो अंक लपून बसतो, त्याच्या चुकीला कोणी धनी राहत नाही.

तिसरा उपाय फेरतपासणीचा. इमारतीत वस्ती होऊन एक उन्हाळा गेला की प्रत्यक्ष कमाल मागणी व गृहीत मागणी समोरासमोर ठेवाव्यात, आणि जेथे करार मागणीवर आकारणी होते तेथे करार त्याप्रमाणे सुधारावा. वाहनांच्या चार्जिंगच्या वेळा सोसायट्यांनी आपसांत ठरवून घेतल्यास नवे रोहित्र आणण्याचा प्रसंग काही वर्षे पुढे ढकलता येईल. मात्र त्यात रात्री दोनची वेळ नेहमी भाडेकरूच्याच वाट्याला येणार नाही, इतके पाहिले पाहिजे.

संगणक बेरीज अचूक करतो, ह्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कशाची बेरीज करावयाची आणि तीतून काय वजा करावयाचे ह्याबद्दल. तो निर्णय ज्यांच्या पहाटेवर आणि सुटीवर उभा आहे, त्यांना तो अंक दिसला पाहिजे आणि त्याबद्दल प्रश्न विचारता आला पाहिजे. औद्योगिक नगरीतील नागरिकाचा तो साधा हक्क आहे.